एजंट क्षमस्व : शुऐबाच्या पगारातली घरे आणि बिनखर्चाच्या जाहिरातीचा इतिहास

शुऐबात कोणी राहत नाही. फहाहील मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की आधी धुराडी दिसतात, मग टाक्या, मग बंदराच्या क्रेन. दिवसपाळी सुटली की बसगाड्या माणसांना घेऊन मंगफ, महबूला, अबू हलीफा, फहाहीलकडे जातात आणि तिथे उरतात फक्त रात्रपाळीचे लोक. तरीही डोंबिवली, बदलापूर, विरार, चिंचवड, रत्नागिरी, सावंतवाडी इथल्या कित्येक घरांचे हप्ते या निर्मनुष्य पट्ट्यातल्या पगारातून फिटले आहेत.

एकेकाळी शुऐबा हे किनाऱ्यावरचे छोटे गाव होते. १९६४ पासून कुवेत सरकारने तिथे औद्योगिक क्षेत्र उभारायला घेतले. वीज आणि गोड्या पाण्याची केंद्रे, बंदर, खतांचा कारखाना असे एकेक येत गेले. १९६८ मध्ये कुवेत नॅशनल पेट्रोलियम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि २०१७ मध्ये तो कायमचा बंद झाला. या अर्धशतकात फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, ड्राफ्ट्समन, स्टोअरकीपर, अकाउंटंट अशा कामांवर मराठी माणसे इथे आली. काहींनी पाच वर्षे काढली, काहींनी पस्तीस.

या माणसांनी घर इथे घेतले नाही, कारण घेता येत नव्हते. १९७९ च्या ७४ क्रमांकाच्या कायद्याने बिगर-कुवेती माणसाच्या स्थावर मालकीवर अशी बंधने घातली की आपल्यासारख्यांसाठी ती वाट व्यवहारात बंदच झाली. त्यामुळे शुऐबाचा मराठी नोकरदार इथे भाडेकरू झाला आणि तिकडे घरमालक. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याला छोटा गुंतवणूकदार म्हणतील. आपल्या घरांत त्याची ओळख साधी असते, ‘एक फ्लॅट जास्तीचा आहे हो त्यांचा’. बिल्डर पानभर जाहिरात देतो, फलक लावतो, नमुना-घर सजवतो. या माणसाच्या हाती तसे काही नसते. मग हजारो मैलांवरून, पदरचा पैसा न घालता, त्याने आपल्या घराला भाडेकरू किंवा गिऱ्हाईक कसे शोधले? आपल्या समाजाचा हा इतिहास फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो आपल्या प्रत्येकाच्या घरातून गेलेला आहे.

उलट्या दिशेचे घरमालक

सुरुवात थोडी मागून करू. मुंबई आणि कुवेत यांचे नाते तेलाच्या कितीतरी आधीचे आहे. कुवेती गलबते बसऱ्याकडचा खजूर घेऊन हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत आणि परतताना मलबारचे सागवान, तांदूळ, मसाले, कापड नेत. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६१ पर्यंत कुवेतमध्ये व्यवहारच रुपयांत होत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १ एप्रिल १९६१ रोजी कुवेती दिनार आला. त्या वेळी एका दिनाराला सव्वातेरा रुपयांहून किंचित जास्त पडत.

अशा व्यापारात मुंबईत पेढी आणि घर असणे कुवेती सावकारांना गरजेचेच होते. मरीन ड्राइव्हवरच्या ‘अल-सबाह कोर्ट’ आणि ‘अल-जब्रिया कोर्ट’ या इमारतींची नावे आजही त्याची साक्ष देतात. कुवेतच्या राजघराण्याशी या वास्तू जोडलेल्या आहेत. म्हणजे आपण इथे घर घेऊ शकत नसलो तरी इथल्यांनी मात्र आपल्या समुद्रासमोर घरे घेतली होती आणि त्यांत मुंबईकर भाडेकरू राहत होते. मालक कितीही मोठा असो, मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यापुढे तो चाळमालकाच्याच रांगेत. बिनखर्चाच्या जाहिरातीचा इतिहास याच कायद्याभोवती फिरतो.

पाटी आली आणि गेली

घर भाड्याने देण्याची सर्वांत जुनी फुकट जाहिरात म्हणजे दारावरची पाटी. १९३० च्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या नव्या वस्त्यांत इमारती भराभर उठल्या. मंदीचे दिवस होते आणि जागा जास्त, घेणारे कमी अशी स्थिती होती. गॅलरीला ‘टू लेट’ची पाटी टांगलेली असे आणि मालक भाडेकरूची मनधरणी करत. पाटीला खर्च काय, तर एक फळी आणि थोडा रंग.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. शहरात माणसांचा लोंढा आला, बांधकाम थंडावले. सरकारने भाडी गोठवली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे ठरवताना सप्टेंबर १९४० चे भाडे धरले. भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला, पण दुसरीकडे पागडी जन्माला आली. वरचे पैसे रोख आणि पावतीविना घ्यायचे म्हटल्यावर दारावर पाटी कोण लावणार? जागा रिकामी झाल्याची बातमी आता दलालाच्या कानात सांगितली जाई. पाटी गेली आणि तिच्या जागी कुजबूज आली.

याच काळाच्या अलीकडे-पलीकडे आणखी एक मार्ग रुळला, तो सहकाराचा. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ही सोसायटी देशातल्या आद्य गृहनिर्माण संस्थांपैकी एक. सभासद एकाच समाजाचे, एकमेकांना ओळखणारे. जाहिरातीचे काम समाजाच्या बैठकाच करत. पुढे ब्राह्मण, प्रभू, पारशी, गुजराती, दाक्षिणात्य अशा ज्ञातिवार वसाहती मुंबईत उठल्या, त्यामागेही हाच हिशेब होता. ओळखीच्या माणसाला जागा देताना जाहिरात लागत नाही आणि जामीनही लागत नाही. पण ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याला अशा वसाहतीचे दार कुठून उघडायचे? ही बाजू पुढे आपल्यालाच येऊन भिडणार होती.

बंद फ्लॅटांचे दिवस

१९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने मध्यमवर्गीय माणूस भाड्याच्या खोलीतून मालकीच्या फ्लॅटकडे वळला. दशकभराने, १९७३ च्या तेलसंकटानंतर, आखातात पैसा आणि कामे दोन्ही वाढली. शुऐबातला माणूस सुट्टीवर आला की डोंबिवलीत किंवा ठाण्यात एक ब्लॉक नोंदवून परत जाई.

नेमक्या त्याच वर्षी असे काही घडले की पुढची पंचवीस वर्षे घरमालकांना धडकी भरून राहिली. भाडेनियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लिव्ह अँड लायसन्सवर जागेत राहत होता, त्याला भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अकरा महिन्यांसाठी दिलेली जागा कायमची हातची जाते, हा धडा सर्वांनी घेतला. परदेशात असलेल्या मालकाला तर कोर्टाच्या तारखांना हजर राहणे अशक्यच.

म्हणून शुऐबाच्या पगारातले फ्लॅट बहुधा दोनच प्रकारे राहिले. एक, कुलूप लावून. दुसरे, ‘ओळखीच्याला’ देऊन. ओळखीचा म्हणजे मेव्हण्याच्या बँकेतला सहकारी, गावच्या शाळामास्तरांचा मुलगा, नाहीतर बदली होऊन आलेला सरकारी अधिकारी. ही ओळख जुळवणारी यंत्रणा अगदी साधी होती. पाळीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगायचे, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना विषय काढायचा, सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती भावाला चिठ्ठी द्यायची. भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलेले असे. किल्ली त्याच्याकडे, भाडे त्याच्याकडे आणि गळक्या छताची कटकटही त्याच्याकडे. पैसा लागत नव्हता, पण नात्यांवर त्याचा भार पडत होता. भाऊबंदकीच्या अनेक कहाण्यांचे मूळ अशा एखाद्या किल्लीत सापडेल.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळले. अम्मानमार्गे एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून १ लाख ११ हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्यांपैकी पुष्कळांच्या हाती एक बॅग होती आणि खिशात बाद झालेला दिनार. ज्याचा फ्लॅट मोकळा होता त्याला डोक्यावर छप्पर होते. ज्याने तोंडी बोलीवर घर दिले होते, त्याला आपल्याच घरात शिरण्यासाठी दुसऱ्याची विनवणी करायची होती. युद्ध संपले, शुऐबाचा नुकसान झालेला कारखाना दुरुस्त झाला, माणसे परतली. पण कागदावाचून दिलेले घर ऐन वेळी आपले राहत नाही, हे तेव्हा लख्ख दिसले होते.

शब्दाला पैसे मोजणारी भाषा

ओळख संपली की मग वर्तमानपत्र. मराठी दैनिकांतल्या ‘छोट्या जाहिराती’ ही लहान मालकाला परवडणारी पहिली खरी सार्वजनिक जागा. पैसे शब्दांवर मोजायचे, म्हणून त्यातून मराठीची एक काटकसरी बोली तयार झाली. ‘स्टेशनपासून ५ मि.’, ‘२४ तास पाणी’, ‘पूर्वाभिमुख’, ‘कंपनी लीज प्राधान्य’ आणि शेवटी ठरलेले दोन शब्द, ‘एजंट क्षमस्व’. दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी. ती वाचवण्यासाठी दोन शब्दांचे पैसे देणे केव्हाही फायद्याचे.

या बोलीत आणखी एक शब्द हमखास येई, ‘फक्त’. फक्त महाराष्ट्रीय कुटुंब. फक्त शाकाहारी. फक्त नोकरदार. जाहिरात जितकी लहान, तितका हा ‘फक्त’ जड. मालकाच्या मनात भीती असे, कायदा त्याच्या बाजूला नाही असे त्याला वाटे, म्हणून निदान ‘आपल्यातला’ माणूस तरी हवा. भीती समजण्यासारखी होती. पण त्या एका शब्दाने किती माणसांना किती दारांवरून परत पाठवले, याची नोंद कुठेच नाही.

ती नोंद आपल्याला कुवेतमध्ये वाचायला मिळते. मंगफ किंवा महबूलाच्या गल्लीतून फिरा. विजेच्या खांबावर, लिफ्टमध्ये, बकाल्याच्या दारावर कागद चिकटवलेले दिसतात. ‘बेड स्पेस’, ‘शेअरिंग’, ‘फॅमिलीसाठी एक खोली’ आणि खाली कातरलेल्या पट्ट्यांवर मोबाइल नंबर. पुढे तोच ‘फक्त’. फक्त अमुक राज्याचे, फक्त अमुक धर्माचे, फक्त एक्झिक्युटिव्ह. डोंबिवलीत जी ओळ आपण छापतो, ती इथे आपण वाचतो आणि कधी पुढच्या खांबाकडे वळतो. आपल्या मुलांनी दोन्ही ओळी एकत्र वाचाव्यात असे वाटते.

खांबावरचा कागद काय सांगत नाही

कुवेतमधली फुकट जाहिरात खांबापुरती नाही. इमारतीचा हारिस हा इथला जिवंत माहितीफलक. कोण जाणार, कोणती खोली रिकामी होणार, हे त्याला मालकाआधी कळते. शिवाय ‘कुवेत टाइम्स’ १९६१ पासून आणि ‘अरब टाइम्स’ १९७७ पासून निघत आहेत. त्यांच्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यांतून अनेक भारतीय कुटुंबांना पहिले घर मिळाले. आता हे काम फोनवरच्या ग्रुपवर चालते.

पण खांबावरच्या कागदामागे बहुधा मालक नसतो, भाडेकरूच असतो. तो खोली पोटभाड्याने देत असतो. १९७८ च्या ३५ क्रमांकाच्या भाडेकायद्यानुसार मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवता येत नाही आणि सार्वजनिक जागी परवान्याविना कागद चिकटवणे नगरपालिकेच्या नियमांत बसत नाही. म्हणजे जाहिरातही कच्ची आणि व्यवहारही कच्चा. भाडे किती ते कागद सांगतो. खोलीत पार्टिशन कशाचे आहे, जिना मोकळा आहे का, गच्चीचे दार उघडते का, हे तो सांगत नाही.

१२ जून २०२४ च्या पहाटे मंगफमध्ये एका इमारतीला आग लागली. तिथे जवळजवळ २०० कामगार राहत होते. ४५ भारतीयांचे मृतदेह विमानाने मायदेशी न्यावे लागले. ती कंपनीने दिलेली जागा होती, खांबावरच्या कागदातून मिळालेली नव्हे. तरीही त्यानंतर खोली शोधणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक नवा प्रश्न आला. स्वस्त जागेच्या बातमीत भाड्याच्या आकड्याआधी बाहेर पडण्याची वाट विचारायची. आणि तिकडे आपण मालक म्हणून जाहिरात देतो तेव्हा हीच माहिती आपणही द्यायला हवी.

पाटी परत आली

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने जागा सोडायची, न सोडल्यास मालकाला सक्षम अधिकाऱ्याकडे जलद दाद मागता येते, अशी तरतूद त्यात आहे. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवला नाही, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. तीन दशकांची भीती या कायद्याने कमी केली. कुलूपबंद फ्लॅट हळूहळू उघडू लागले, वेबसाइटवर घरांचे फोटो दिसू लागले, सोसायटीच्या फाटकावर पाटी पुन्हा आली.

बाजारही बदलला. बिल्डरांची प्रदर्शने कुवेतच्या हॉटेलांत भरू लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर कोकणातल्या प्लॉटांची माहितीपत्रके इथल्या स्नेहसंमेलनांत फिरू लागली. ‘दहा जणांचा ग्रुप केला तर भावात सवलत’ ही सर्वांत स्वस्त जाहिरात, कारण विकणाऱ्याच्या वतीने आपला मित्रच आपल्याला पटवत असतो. मित्राचा हेतू चांगला असतो, पण सातबारा त्यानेही वाचलेला नसतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, वारसाने आले तर ठेवता येते. हा साधा नियम माहीत नसल्यामुळे कष्टाचे दिनार अडकल्याची उदाहरणे आपल्यात आहेत.

१ मे २०१७ पासून महारेरा कामाला लागले. नोंदणीयोग्य प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवाच आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो फोनने टिपला की प्रकल्पाची कुंडली समोर येते. आपला एखादा जुना फ्लॅट विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या माणसाला ही नोंदणी लागत नाही. पण त्यामागचा विचार त्यानेही उचलण्यासारखा आहे : जे सांगायचे ते तपासता येईल असे सांगावे.

तसे करायला आजही खर्च जवळजवळ नाही. सुट्टीत गेल्यावर दिवसाच्या उजेडात घराचे दहा फोटो काढा, गळकी भिंत असेल तर तीही दाखवा. क्षेत्रफळ कार्पेट सांगा. पाणी किती तास येते, लिफ्ट आहे का, सोसायटीचे शुल्क किती, हे जाहिरातीतच लिहा. भाडेकरूशी व्हिडिओ कॉलवर बोला. सोसायटीच्या फलकावर, शेजारच्या वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे निरोप ठेवा. आसपासच्या खोल्यांची खरी मागणी त्यांना पोर्टलपेक्षा जास्त ठाऊक असते. करार नोंदवा आणि पोलिस ठाण्यात माहिती द्या. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के व वर उपकर कापून सरकारात भरायचा असतो, हे आधीच सांगा. नंतर कळले तर चांगला भाडेकरू बिथरतो. आणि ‘फक्त’ हा शब्द लिहिण्याआधी मंगफचा खांब आठवा.

चावी कोणाकडे

१९३० च्या दशकातली पाटी, पागडीच्या काळातली कुजबूज, बसमधला निरोप, वर्तमानपत्रातली चार ओळींची जाहिरात, खांबावरचा कागद आणि आताचा फोनवरचा ग्रुप, हे सगळे ओळीने ठेवले की एक गोष्ट दिसते. लहान मालकाकडे जाहिरातीला पैसे कधीच नव्हते आणि ते नसल्यामुळे त्याचे फारसे अडलेही नाही. त्याला अडवले ते अनोळखी माणसाच्या भीतीने. कायदा जेव्हा जेव्हा दोन्ही बाजूंना विश्वास देऊ शकला नाही, तेव्हा पाटी उतरली आणि घर ओळखीच्या वर्तुळात गेले. कागद पक्का झाला तेव्हा तीच पाटी परत दारावर आली.

शुऐबात पहिल्या खेपेला आलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. त्यांचे फ्लॅट मुलांच्या नावे होत आहेत. ही मुले फहाहीलच्या किंवा सालमियाच्या शाळेत शिकली, आज टोरोंटोत, दुबईत नाहीतर पुण्यात आहेत. बदलापूरच्या वाण्याला ती ओळखत नाहीत आणि मेहुण्याच्या बँकेतला सहकारी आता कोणाचाच उरलेला नाही. वडिलांची ओळख वारशाने मिळत नाही, कागद मिळतो. म्हणून या दिवाळीत आई-बाबांसोबत बसून ते कपाट एकदा उघडायला हवे. मूळ करार, भागप्रमाणपत्र, सोसायटीच्या पावत्या, नामनिर्देशन, चालू भाडेकराराची नोंदणीकृत प्रत, सगळे एका पिशवीत लावून घ्यायला हवे. चावी कोणाकडे आहे, तेही त्याच वेळी विचारून लिहून ठेवावे.